चौकट क्रमांक सातमधील जखम झाकण्याबाबत

दिनांक : १४, बुधवार

प्रति,
मा. उपसंचालक,
प्रकाशोपचार विभाग,
विभागीय रुग्णालय, दुसरा मजला.

विषय : रुग्ण क्रमांक ४१२ यांच्या उजव्या नडगीवरील जखमेच्या कडेची चमक शुक्रवारी न विझवणेबाबत, तसेच अर्जदाराने केलेल्या खोट्या नोंदीच्या कबुलीबाबत.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. १२.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार, प्रकाशतंत्रज्ञ, खोली क्रमांक दोन, खालीलप्रमाणे खुलासा व विनंती सादर करते.

१. विभाग सुरू झाल्यापासून, म्हणजे तीन वर्षे सात महिने, अर्जदार येथे नोकरीस आहे. काम काय ते आपणास ठाऊक आहेच. तरी हा अर्ज आपल्या टेबलानंतर आणखी चार टेबलांवर जाईल आणि त्यांपैकी तिघांनी दिव्याची खोली आतून पाहिलेली नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. रुग्णाला दोन दिवस आधी औषध टोचतात. ते अंगभर फिरते, पण मुक्काम करते ते म्हाताऱ्या पेशींमध्येच. म्हाताऱ्या म्हणजे ज्या वाढतही नाहीत, मरतही नाहीत, नुसत्या बसून शेजारच्या पेशींना बिघडवतात. अंधारात हे औषध अगदी गरीब असते. मंद निळा दिवा लावला की त्या पेशी लाल ठिपक्यांसारख्या चमकतात, आणि दिव्याचा जोर वाढवला की औषध जागे होऊन त्या पेशीला जागच्या जागी संपवते. आधी शोधायचे, मग विझवायचे. गुडघ्याच्या रुग्णाचा पाय मांडीपासून नडगीपर्यंत नऊ चौकटींत वाटलेला असतो. आमच्या खोलीत रोज संध्याकाळी एकमेकांना विचारतात, "आज किती म्हातारे विझवले?" पहिल्या आठवड्यात या वाक्याचे हसू यायचे. आता येत नाही.

२. प्रत्येक चौकटीसाठी नोंदपत्रकात दोन रकाने आहेत. एक, "चमक आढळली, विझवली." दोन, "चमक आढळली नाही." तिसरा रकाना नाही, आणि या अर्जाचे सगळे दुखणे तिथे आहे. प्रशिक्षणाच्या वेळी हे औषध शोधणाऱ्या गटातल्या संशोधक बाई आम्हाला शिकवायला आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर जखमेचे चित्र काढून सांगितले होते की ताज्या जखमेच्या कडेलाही काही पेशी म्हाताऱ्या होतात, पण त्या कामासाठी होतात. बाकीच्यांना हाका मारून जखम भरून घेतात आणि काम झाले की आपोआप निघून जातात. "सगळे म्हातारे कटकटे नसतात हो," असे त्यांचे शब्द होते. "काही घर सांभाळायला बसलेले असतात. त्यांना हात लावू नका." अर्जदाराने हे वहीत उतरवून घेतले आहे. पुढे नोंदपत्रक छापून आले, ते छापताना कोणी बाईंना विचारले नाही. त्या दुसऱ्या संस्थेत गेल्यावर त्यांनी याविषयी पाठवलेले पत्र आपल्या कार्यालयात "अभ्यासासाठी" असा शेरा मारून फाईलला लावलेले आहे. अभ्यास कोण करते आहे, हे अर्जदारास दोन वेळा विचारूनही कळले नाही.

३. आता रुग्ण क्रमांक २८७ यांच्याविषयी. हे गृहस्थ गवंडी आहेत. वय एकोणसाठ. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या गुडघ्यावर उपचार झाले. नाव नोंदवताना पायावर जखम नव्हती. सत्राच्या आठवडाभर आधी कामावर वीट घसरून नडगीला लागली. दिवा लावल्यावर सातव्या चौकटीत जखमेभोवती लाल ठिपक्यांचे कडे दिसले, अगदी सुबक, कोणी मुद्दाम मांडल्यासारखे. अर्जदारास वहीतले वाक्य आठवले. नोंदपत्रकातले दोन रकानेही दिसले. चमक आढळली होती, म्हणजे विझवायची होती. मोठे तंत्रज्ञ दारातून म्हणाले, "अहो, ठिपक्याला ठिपका, त्यात कसला विचार? बाहेर सहा जण बसलेत." मी विझवले. येथे "अर्जदाराने विझवले" असे लिहायला हवे, पण विझवले मी.

त्या महिन्यात अर्जदाराच्या सर्व चौकटी शंभर टक्के भरल्याबद्दल आपल्या सहीचे प्रशस्तिपत्रक मिळाले. गवंड्यांची जखम आजपर्यंत भरलेली नाही. दर सोमवारी आणि गुरुवारी ते खालच्या मजल्यावर पट्टी बदलायला येतात आणि मुद्दाम जिना चढून वर येऊन अर्जदारास सांगून जातात, "बाई, गुडघा एकदम झकास झाला बघा! ही नडगी तेवढी बसली की लागलो कामाला." ओल्या सिमेंटात उघडी जखम घेऊन उभे राहता येत नाही, म्हणून पाच महिने ते घरी आहेत. त्यांना वाटते आपलेच रक्त वाईट. ते आभार मानत असताना अर्जदार यंत्राच्या काचा पुसत राहते. पुसून पुसून त्या काचांना आता काही पुसायचे राहिलेले नाही.

४. रुग्ण क्रमांक ४१२ या अर्जदाराच्या सासूबाई आहेत, हे नोटिशीत लिहिले आहे ते खरे आहे. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षे शिवणाच्या कारखान्यात काजे-बटणांचे काम केले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि गुडघ्यामुळे त्या चौदा महिने स्वतःच्या पायांनी खाली उतरलेल्या नव्हत्या. रांगेत नाव लावून दोन वर्षांनी नंबर आला. पहिल्या सत्राच्या चार दिवस आधी, रविवारी, कपाटाच्या खालच्या दाराची पत्र्याची कड त्यांच्या नडगीला लागली. जखम बोटभर लांब होती, पण या वयात नडगीवर मांस ते किती! रुग्णालयाच्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी पट्टी करताना सांगितले की ही जखम नीट भरली तर भरली, चिघळली तर पायावर बेतेल.

५. दि. १ रोजी पहिले सत्र झाले. सातव्या चौकटीत तेच कडे दिसले. अर्जदाराने दिव्याचा जोर वाढवला नाही, चौकट पुढे सरकवली आणि नोंदपत्रकात "चमक आढळली नाही" असे लिहिले. ही नोंद खोटी आहे. डोळ्यांनी पाहून खोटी लिहिली. खरे लिहायला जागा नव्हती, हे कारण आहे, सबब नाही. यंत्र प्रत्येक चौकटीचा फोटो आपोआप ठेवते हे अर्जदारास माहीत होते, पण ते फोटो कोणी उघडून बघत असेल असे साडेतीन वर्षांत वाटले नव्हते. तपासनीस साहेबांनी नेमके तेवढेच उघडले. त्यांचे कौतुकच आहे. गवंड्यांच्या फाईलचे फोटोही त्यांनी उघडले असते तर बरे झाले असते, पण तिथे रकाना आणि फोटो यांचे तंतोतंत जुळते, त्यामुळे त्या फाईलमध्ये काही चूक नाही.

६. नोटिशीत "नातेवाइकास झुकते माप दिले" असे म्हटले आहे. सासूबाईंना अर्जदार झुकते माप देईल, हे वाक्य आमच्या जिन्यात वाचून दाखवले तर तिन्ही मजल्यांवरची माणसे हसून खाली बसतील. एकवीस वर्षांत आमचे एका पडद्याच्या रंगावर एकमत झालेले नाही. नोटीस वाचून दाखवल्यावर त्या स्वतः म्हणाल्या, "झुकतं माप? हिनं? त्या साहेबांना म्हणावं, एकदा घरी येऊन राहा." तरीही आरोप सर्वस्वी खोटा नाही, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. गवंड्यांच्या वेळी अर्जदार घाबरली आणि सासूबाईंच्या वेळी घाबरली नाही. परक्या माणसाच्या पायाला जे धैर्य मिळाले नाही ते घरच्या पायाला मिळाले. याबद्दल जी शिक्षा असेल ती मान्य आहे. ती अर्जदारास व्हावी, नडगीला होऊ नये.

७. आपल्या आदेशाप्रमाणे शुक्रवार दि. १६ रोजी सकाळी दहा वाजता दुसऱ्या सत्रात मोठे तंत्रज्ञ गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या राहिलेल्या चौकटी घेतील आणि सातवी चौकट "पूर्ण विझवून" नोंद दुरुस्त करतील. औषध आज सकाळी टोचून झाले आहे. सासूबाई घरी आतल्या खोलीत आहेत. खिडक्यांना चादरी लावल्या आहेत, दिवा बंद आहे आणि त्या चाचपडत कपड्यांच्या घड्या घालत आहेत. जखम निम्मी भरली आहे. राहिलेली भरायला अजून दोन आठवडे लागतील, असे डॉक्टर म्हणाले.

यावर उपाय इतका साधा आहे की लिहायला संकोच वाटतो : जखमेवर काळ्या रबराचे आवरण ठेवावे. प्रकाश पोचला नाही तर औषध जागे होत नाही. आवरणे खोलीतल्याच खणात आहेत. पट्टी किंवा कापड चालत नाही, कारण ते निळ्या दिव्याखाली स्वतःच चमकते. आणि आवरण कशावर ठेवावे, याची यादी नियमात ठरलेली आहे : डोळे, तीळ, गोंदण. जखम यादीत नाही. का नाही, हे अर्जदाराने आस्थापना शाखेत विचारले. उत्तर मिळाले की उघडी जखम असलेल्या रुग्णास उपचाराच्या यादीत घेतच नाहीत. सबब उपचार घेणाऱ्या रुग्णास जखम असू शकत नाही. सबब नसलेली जखम झाकण्याची तरतूद करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. "पण आहे ना हो जखम!" असे अर्जदार म्हणाली. त्यावर तेथील कारकुनांनी समजुतीच्या सुरात सांगितले, "मग तसं लेखी द्या. दिलंत की नाव यादीतून कमी होईल. जखम भरली की नव्याने नाव लावा. दोन-अडीच वर्षांत नंबर येतो."

म्हणजे जखम आहे म्हणावे तर गुडघा जातो आणि नाही म्हणावे तर नडगी जाते. इकडे आड तिकडे विहीर, असे ऐकले होते. एकाच पायात दोन्ही असतील, असे वाटले नव्हते.

८. यानंतर जे घडले ते आपल्या कानावर येणारच, म्हणून स्वतःच सांगते. गेल्या महिन्यात एका गृहस्थांच्या पोटरीवर गोंदलेले नाव, जे सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीचे नव्हते, नियमाप्रमाणे आवरण ठेवून सुखरूप राखण्यात आले. पत्नी बाहेर बसल्या होत्या, आत कोणी काही बोलले नाही. हे सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग माझ्याही जखमेभोवती काढ एखादी वेल. तेवढंच राहिलं होतं या वयात." अर्जदाराने काल संध्याकाळी बॉलपेनने जखमेपासून बोटभर अंतर सोडून, सांभाळून, वेल काढली. पाने अकरा आहेत. चित्रकला चांगली नसल्यामुळे सासूबाईंनी ती दोनदा पुसून पुन्हा काढायला लावली. आज सकाळी मोठ्या तंत्रज्ञांना वेल दाखवली असता ते म्हणाले की बॉलपेनचे गोंदण धरता येणार नाही. गोंदण कायमचे असावे लागते आणि त्याची नोंद मूळ अर्जात असावी लागते. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. जाताना हळूच म्हणाले, "ताई, मला रकाना द्या, मी आनंदानं सोडतो तेवढी चौकट. पण दोन वर्षं राहिलीत माझी." सरड्याची धाव कुंपणापर्यंत. अर्जदाराची पाच महिन्यांपूर्वी तेवढीही नव्हती.

दिव्याला तर काहीच कळत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते, ही म्हण लाकडांवरून आली असेल, पण अर्जदारास ती रोज खोली क्रमांक दोनमध्ये दिसते.

९. हा अर्ज आज आवक शाखेत दिला जाईल. तिथला शिक्का उद्या बसतो, टपाल आपल्या टेबलावर शुक्रवारी दुपारी येते आणि सही सोमवारी होते, हे अर्जदारास ठाऊक आहे. बैल गेला आणि झोपा केला, असे व्हायला नको, म्हणून याची एक प्रत आपल्या दालनाबाहेर हातात घेऊन अर्जदार उद्या सकाळी साडेनऊपासून बाकावर बसेल. रजेचा अर्धा दिवस टाकला आहे. आपल्या शिपायांनी हटकल्यास त्यांच्याशी वाद घालणार नाही, पण उठणारही नाही.

१०. सबब विनंती अशी :

(अ) शुक्रवारच्या सत्रात सातव्या चौकटीतील जखमेवर आवरण ठेवण्याची, आपल्या अधिकारात, एका रुग्णापुरती आणि एका दिवसापुरती परवानगी द्यावी. आदेशाचा मसुदा तयार करून सोबत जोडला आहे. तीन ओळींचा आहे. फक्त सही हवी.

(आ) ते शक्य नसल्यास, रुग्णास जखम असल्याचे आणि त्यांचे नाव यादीतून कमी करावे असे लेखी निवेदन सोबत जोडले आहे. त्यावर सासूबाईंची सही आहे, तारीख कोरी आहे. शुक्रवारी दहा वाजेपर्यंत (अ) वर आपली सही झाली नाही, तर अर्जदार तारीख घालून हा कागद स्वतः आवक शाखेत देईल आणि सासूबाई सत्रास येणार नाहीत. पहिल्या सत्रानंतर त्या एक मजला उतरून आल्या होत्या. पायरीवर बसून त्यांनी पाऊण तास रस्ता पाहिला, येणाऱ्याजाणाऱ्यांना नावे ठेवली आणि पुढच्या वेळी थेट फाटकापर्यंत जायचे असे जाहीर केले. सही करताना त्यांनी एवढेच विचारले, "अडीच वर्षं म्हणजे माझं वय किती होईल गं?" मग तो आकडा त्यांनी स्वतःच बोटांवर मोजला आणि सही केली.

(इ) नोंदपत्रकात तिसरा रकाना छापावा : "चमक आढळली, राखली." छापखान्यास वेळ लागणार असेल तोवर हाताने रेघ ओढण्यास हरकत नसावी. खोली क्रमांक दोनमध्ये पट्टी आणि पेन्सिल आहे.

११. शेवटी रुग्ण क्रमांक २८७. त्यांच्या नोंदपत्रकावर "ताजी जखम असताना कड विझवली गेली" असा शेरा लिहून आणि त्याखाली सही करून ती फाईल अर्जदाराने आज खालच्या डॉक्टरांकडे पाठवली आहे, म्हणजे पुढचे उपचार करणाऱ्यांना तरी कळेल की या माणसाच्या रक्तात काही दोष नाही. प्रशस्तिपत्रक त्याच फाईलला लावले आहे. उद्या गुरुवार आहे. पट्टी झाली की ते अकराच्या सुमारास गुडघ्याचे कौतुक सांगायला जिना चढून वर येतील, आणि अर्जदार बाकावर असेल तर बाकापाशी येतील. त्यांची जखम का भरत नाही आणि ती कोणाच्या हाताने तशी झाली, हे अर्जदार त्यांना तिथेच सांगणार आहे. बाक आपल्या दाराला लागून असल्याने आपणासही ऐकू येईल.

वर तीन गोष्टींची परवानगी मागितली आहे. ही चौथी गोष्ट माहितीसाठी कळवली आहे. तिची परवानगी मागितलेली नाही.

आपली नम्र,
आणि खोटी नोंद केल्याबद्दल आपली अपराधी,

(सही)
प्रकाशतंत्रज्ञ, खोली क्रमांक दोन

सोबत :
१. आवरणाच्या आदेशाचा मसुदा, सहीसाठी.
२. रुग्ण क्रमांक ४१२ यांचे निवेदन, सहीसह, तारीख कोरी.
३. प्रशिक्षणाच्या वहीतील पान क्रमांक नऊची प्रत.
४. सातव्या चौकटीचे दोन फोटो : एक सासूबाईंचा, एक गवंड्यांचा. कोणता कोणाचा, हे मागे लिहिले आहे. समोरून दोन्ही सारखेच दिसतात.